थोरल्या आंब्याखालचा राब

धोंडू पाताडे करी रोडच्या चाळीत राहायचा आणि गिरणीत कापूस पिंजण्याच्या खात्यात काम करायचा. पण चाळीत त्याला म्हणत 'माळी', आणि तेही कौतुकानं नव्हे. साडेतीनला पहिली पाळी सुटली की बाकीचे गडी चहाला, पत्ते कुटायला नाहीतर सभेला जात. धोंडू केसांतला कापूस झटकत एल्फिन्स्टनचा पूल ओलांडायचा, तो थेट प्रभादेवीच्या अंगाला कमलाबाईंच्या वाडीत शिरायचा आणि खुरपं हातात धरायचा. "दिवसभर कापूस खातो, संध्याकाळी माती खातो," असं त्याच्या खात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम, म्हणे. धोंडू हसून घ्यायचा. त्याच्या छातीत कफ भरायचा, दवाखान्यातल्या डॉक्टरनं मोकळ्या हवेत राहा म्हणून सांगितलं होतं, हे तो सगळ्यांना ऐकवी. खरं कारण ते नव्हतं. कणकवलीकडचं आपलं गाव आणि भातखाचरांचे चार कुणगे सतराव्या वर्षी सोडून तो मुंबईला आला, त्याला आता बावीस-तेवीस वर्षं झाली होती, आणि इतक्या वर्षांत मातीत हात घालायला मिळालेली ती एकच जागा होती.

ती मिळाली कशी, तर आळवाच्या पानांमुळे. एकावन्न साली गौरीच्या दिवशी त्याची बायको मालन हिनं त्याला आळू आणायला दादरला पिटाळलं. बाजारातली पानं सुकलेली, म्हणून कोणीतरी वाडी दाखवली. पाचकळशी समाजातलं जुनं घर. घरामागे नारळ, पोफळी, दोन फणस, पाच आंबे. नवरा वारल्यापासून कमलाबाई सगळं एकटीनं बघत होत्या. मुलगा शरच्चंद्र फोर्टात एका कचेरीत होता, त्याला वाडीत रस नव्हता. झाडांखाली गवत गुडघाभर माजलेलं. धोंडूनं आळू घेतलं आणि जाता जाता म्हणाला, "बाई, एवढी जमीन मोकळी टाकलीत?"

कमलाबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. गिरणीवाला, आणि शेतीच्या गोष्टी बोलतो. पण आठवडाभरानं तो पुन्हा आला तेव्हा त्यांनी बोलणं केलं. धोंडूनं भाजी लावावी, अर्धी घरात द्यावी, उन्हाळ्यात विहिरीचं पाणी काढून झाडांना घालावं. आणि एक अट. "फांदी माझी, फळ माझं," कमलाबाई म्हणाल्या. "मूळ मात्र कोणाचंच नाही. झाडाच्या सावलीत कुदळ मारायची नाही. ज्या दिवशी माझ्या झाडाला धक्का लागेल, त्या दिवशी तुझी वाट निराळी."

धोंडूनं ती अट व्रतासारखी पाळली. कमलाबाईंनी त्याला वाडीची विद्या शिकवली, कारण भाताच्या माणसाला ती ठाऊक नसते. भाताला आभाळभर ऊन लागतं; वाडीत ऊन गाळून येतं. पहिलं वर्षभर त्यांनी त्याला काही लावूच दिलं नाही म्हटलं तरी चालेल. महिन्यामहिन्याला कुठं किती वेळ ऊन पडतं तिथं खुंट्या मारायला लावल्या. "झाडाची पंगत आधी, भाजीनं उरलेलं ऊन खायचं," असं त्यांचं म्हणणं. मग हळूहळू घडी बसली. पोफळीखाली हळद आणि आलं, फणसाखाली सुरण, विहिरीच्या पन्हाळीशी आळू, आंब्यांच्या कडेला जिथं थंडीत तिरपं ऊन शिरतं तिथं मुळा, माठ आणि वाल. चार वर्षांत धोंडूचे आठ वाफे झाले. कुदळ त्यानं एकदाही आणली नाही. सावलीच्या आत सगळं खुरप्यानं, चार बोटांच्या वर खोल नाही.

पाच आंब्यांतला थोरला म्हणजे पायरी आंब्याचं एक मोठं झाड. कमलाबाईंच्या नवऱ्यानं लग्नाच्या वर्षी लावलेलं. त्याच्याखाली मात्र कधी काही लावलं गेलं नव्हतं. तिथं लव्हाळा होता, आणि लव्हाळा खुरप्यानं हटत नाही; वरून कापावा तो खालून चारपट येतो. ती जागा धोंडूच्या डोळ्यांत होती, पण अट मोडून तिला हात लावायचा विचारही त्यानं केला नसता.

छपन्न सालच्या जानेवारीत मराठी राज्याच्या लढ्यावरून मुंबईत गोळीबार झाला. संचारबंदी लागली, गिरण्या बंद पडल्या, बाजार उठला. करी रोडच्या चाळीत लोकांच्या चुलीवर नुसता भात आणि सुका जवळा. संचारबंदी दोन तास उठायची तेवढ्यात धोंडू कपाळाला फडकं बांधून वाडी गाठायचा आणि डोक्यावर पाटी घेऊन परत यायचा. मुळे, लाल माठ, वालाच्या शेंगा, एकदा तर अख्खा सुरण. चाळ कमिटीचे सेक्रेटरी तात्या होते, त्यांनी तळमजल्यावर घोंगडी पसरून खोलीखोलीला जुडी वाटली. पाच दिवसांत चाळीनं धोंडूला 'माळी' म्हणायचं सोडलं. "अहो पाताडे, या बसा," असं होऊ लागलं. तात्यांनी तर चाळीच्या बैठकीत सांगितलं की लढा एवढ्यात संपायचा नाही, पुन्हा सत्याग्रह होतील, पुन्हा माणसं तुरुंगात जातील, तेव्हा पाताड्यांनी पुढच्या खेपेला दुपटीची तयारी ठेवावी.

चाळिशी उलटलेल्या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कोणी खुर्ची दिली तर त्याचं जे होतं ते धोंडूचं झालं. दुपटीची तयारी म्हणजे थोरल्याखालची जागा, हे त्यानं त्याच रात्री ठरवलं. आणि लव्हाळ्यावर उपाय त्याला जन्मापासून ठाऊक होता: राब.

कोकणात भाताचं रोप टाकायच्या आधी वैशाखात राब भाजतात. जमिनीवर शेणाचा थर, त्यावर वाळलेला पाला, काटक्या, गवत, वरून मातीचा पातळ हात, आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूनं विस्तव लावायचा. ज्वाळा उठली तर राब बिघडला. तो आतल्या आत धुमसला पाहिजे. मग तण बियांसकट मरतं, किडा मरतो, माती भुसभुशीत होते, रोप असं तरारतं की बघत राहावं. धोंडूच्या हातचा राब गावात नावाजलेला होता. पंधराव्या वर्षी शेजारचे त्याला बोलावून न्यायचे. पण गावात राब भाजतात तो उघड्या वरकस उतारावर, जिथं खाली गवताच्या मुळांखेरीज काही नसतं. आंब्याखाली राब भाजलेला त्यानं कधी पाहिला नव्हता, आणि भाजू नये असंही त्याला कधी कोणी सांगितलं नव्हतं. कमलाबाईंनीही नाही. वाडीत जन्मलेल्या बाईच्या मनात झाडाखाली विस्तव घालायची कल्पनाच यायची नाही, मग ती मनाई कशाची करणार? धोंडूला मात्र वाटलं की यात कुदळ नाही, खुरपंही नाही. मुळाला हात न लावता काम होतंय. अट पाळूनच तो हे करत होता.

अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर आगाशीला भाचीचं लग्न होतं. कमलाबाई आठवडाभर आधी गेल्या त्या वीस दिवस तिकडंच राहिल्या. धोंडूनं परळच्या तबेल्यातून शेण वाहिलं, हिवाळाभर साठलेला आंब्याफणसाचा पाला पसरला, झावळ्या तोडून टाकल्या, आणि एका रविवारी सकाळी विस्तव लावला. धूर झाला, पण त्या वर्षी मुंबईत धुराचं कोणाला नवल नव्हतं, आणि शरच्चंद्र नि सून वाडीकडे फिरकत नसत. राब तीन दिवस धुमसला. ज्वाळेची जीभसुद्धा दिसली नाही. धोंडू मालनला घेऊन आला आणि दाखवलं. इतका मंद, इतका खोल भाजलेला राब त्याच्या हातून गावातही झाला नव्हता.

पावसाळ्यात थोरल्याखाली माठ आणि मिरची अशी आली की कमलाबाई स्वतः काठी टेकत बघायला आल्या. माती काळी दिसली तर त्यांना वाटलं शेणखत घातलंय. "यंदा हात चांगला लागला तुझा," म्हणाल्या. चाळीत तर पाताड्यांच्या मिरचीचं नाव निघायला लागलं.

दसऱ्याच्या सुमारास थोरल्याच्या पश्चिमेकडची पानं मलूल दिसू लागली. दिवाळीत ती गळाली. शेंडे वरून खाली वाळत आले, आणि खोडावर डिंकाचे थेंब उभे राहिले. एका संध्याकाळी घरात कोणी नाही असं बघून धोंडूनं वाफ्याच्या कडेला हातानं माती उकरली. झाडाच्या पोटाला अन्न नेणारी बारीक मुळं वरच्या वीतभर मातीतच असतात. ती हाताला लागली. जळलेल्या सुतळीसारखी काळी, आणि ओढली की तुकडे पडणारी. धोंडूनं माती परत लोटली, वर पाला पसरला, हात धुतले आणि घरी गेला. त्या दिवशी मालननं विचारलं की जेवणात मन का नाही, तर म्हणाला खात्यात धूळ फार होती.

त्यानं तेव्हाच सांगायला हवं होतं. पण सांगितलं की वाडी गेली. नऊ वाफे गेले, चाळीतली खुर्ची गेली, आणि उरलं काय, तर कापसाची धूळ. एक दिवस थांबू, झाड कदाचित सावरेल, असं म्हणत तो थांबला. आणि त्या थांबण्यात आणखी एक गोष्ट घडली, ती मुळं जळण्याहूनही वाईट होती.

कमलाबाईंनी दोष स्वतःकडे घेतला. नवरा गेल्यापासून दर अक्षय्य तृतीयेला नव्या मातीच्या घड्यातलं पहिलं पाणी त्या त्याच्या नावानं थोरल्याच्या बुंध्याशी घालत. यंदा लग्नात अडकल्या आणि ते राहिलं. वाडीत उभ्या राहून त्यांनीच हे धोंडूला सांगितलं, अगदी शांतपणे, जणू डॉक्टरनं रोगाचं नाव सांगावं तसं. "मी त्याला तहानेला ठेवला, धोंडू. मला लग्नाचं जेवण गोड लागलं आणि तो इथं तहानेला राहिला." धोंडूच्या हातात पाण्याची बादली होती. ती त्यानं खाली ठेवली, पुन्हा उचलली, आणि तो विहिरीकडे गेला. मार्गशीर्षापासून कमलाबाई एकवेळ जेवू लागल्या. मुलगा रागावला, सुनेनं समजावलं, त्यांनी ऐकलं नाही.

माघात बाकीचे चारही आंबे मोहरले. थोरल्यावर एक तुरा नाही. तिकडे निवडणुकीची धामधूम चालू होती. तात्यांनी निरोप धाडला की लढा चालवणाऱ्या समितीच्या कार्यकर्त्यांचं जेवण आपल्या चाळीत आहे, पाताड्यांची भाजी पाहिजे. धोंडूनं दोन पाट्या भरून दिल्या. लोक पंगतीत बसून त्याच्या माठाची तारीफ करत होते, आणि तो जिन्यात खोकत बसला होता. मालन त्याच्यापाशी येऊन उभी राहिली. तेव्हा त्यानं पहिल्यांदा तिला सगळं सांगितलं.

मालन त्याच्या शेजारी जिन्यात टेकली. मग म्हणाली, "ती म्हातारी उपाशी रवता, आणि आमी पंगती घालतव." एवढंच. सांगा किंवा सांगू नका, असं काही ती बोलली नाही.

शरच्चंद्रकडे वर्षभर एका गृहनिर्माण सोसायटीचे लोक खेपा घालत होते. जागा द्या, वर तुम्हाला दोन ब्लॉक मिळतील. कमलाबाईंचं उत्तर ठरलेलं होतं: थोरला उभा आहे तोवर नाही. फाल्गुनातल्या एका रविवारी धोंडू पाणी घालायला आला तर ओटीवर कागद पसरलेले, शरच्चंद्र आईजवळ बसलेला. त्याच्या हातात पेन होतं आणि आवाज मऊ होता. कमलाबाई चष्मा पुसत होत्या.

"त्यानंच मला सोडलं," त्या मुलाला सांगत होत्या. "आता मी कशाला धरून बसू? दे इकडं."

धोंडू ओटीच्या पायरीशी उभा होता. मागं फिरायला वाट मोकळी होती, आणि सही झाली असती तर कोणालाच काही कधी कळलं नसतं. झाड तोडलं गेलं असतं, मुळांवर पाया भरला गेला असता.

"बाई," तो म्हणाला, "त्यानं सोडलं नाय तुमका. मी जाळलंय त्याला."

शरच्चंद्रनं मान वर केली. "काय बडबडतोयस? वाडीत जा."

"नाही, बोलू दे त्याला," कमलाबाई म्हणाल्या.

धोंडूनं सांगितलं. शेण कुठून आणलं, पाला किती घातला, विस्तव कुठल्या बाजूनं लावला. बोलताना त्याची बोली पुरती मालवणी झाली होती आणि मधे मधे खोकला येत होता, तरी कमलाबाईंनी त्याला तोडलं नाही. तो थांबल्यावर त्यांनी फक्त दोन प्रश्न विचारले.

"किती दिवस धुमसला?"

"तीन."

"आणि तुला कळलं कधी?"

धोंडूनं खाली बघितलं. "दिवाळीत."

दिवाळीपासून फाल्गुन, चार महिने. ते चार महिने कमलाबाईंनी मोजलेले सगळ्यांना दिसले. राबावरून त्यांनी त्याला दोष दिला नाही. राब अडाणीपणानं झाला होता, ते त्यांनी ओळखलं असावं. त्यांना डाचले ते हे चार महिने.

"मी जेवत नव्हते हे तुला दिसत होतं," त्या म्हणाल्या.

"व्हय."

शरच्चंद्र चढ्या आवाजात बोलू लागला, माणसं ठेवायची तर जामीन घेऊन ठेवावीत वगैरे. कमलाबाईंनी कागद एकावर एक रचून त्याच्याकडे सरकवले. बाकीची झाडं धडधाकट आहेत, त्या म्हणाल्या. एका माणसाच्या चुकीपायी ती कशाला मारायची? मग धोंडूकडे न बघता त्याला सांगितलं, की सगळे वाफे त्यानं आपल्या हातानं मोडायचे. वाडीत आता भाजी लावायची नाही. थोरल्याची मेलेली मुळं साफ करायची, वाळल्या फांद्या काढायच्या, आणि रोज पाणी घालायचं. झाड जगेल किंवा मरेल, तोवर यायचं.

"आणि मला 'बाई' म्हणून हाक मारायची नाही," असं म्हणून त्या आत गेल्या.

धोंडूनं चार दिवसांत नऊ वाफे मोडले. हळद अजून पुरती तयार झाली नव्हती, तीही काढून स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवली. अर्धी नाही, सगळी. चाळीत तात्यांना हे कळलं तेव्हा ते चिडले. "अहो, सांगायची एवढी काय घाई होती? पावसाळा काढायचा होतात." दुसऱ्यांनी विचारलं, मग आता वाडीत जाता कशाला, फुकटचं पाणी शेंदायला? खुर्चीचा प्रश्न आपोआप सुटला. काही महिन्यांत तो पुन्हा 'माळी' झाला, आणि आता तर भाजीविना माळी, म्हणून हसायला जास्तच सोयीचं.

तो जात राहिला. साडेतीनला पाळी सुटली की पूल ओलांडून वाडी, चाळीस बादल्या पाणी, आणि परत. कमलाबाई ओटीवर असल्या तर उठून आत जायच्या. त्या दोन वेळ जेवू लागल्या आहेत, एवढं सुनेकडून कळलं. झाडाची पश्चिमेकडची बाजू गेलीच. तीन मोठ्या फांद्या धोंडूनं करवतीनं उतरवल्या, तेव्हा खोड एका बाजूनं उघडं पडलं. पूर्वेकडची पानं मात्र टिकून होती. हिरवी नाहीत आणि पिवळीही नाहीत, अशी. अठ्ठावन्नच्या थंडीतही मोहर आला नाही. शरच्चंद्र त्याच्याशी बोलायचा नाही, पण सोसायटीचे लोक आले की मरायला टेकलेलं झाड दाखवायला मुद्दाम त्यांना थोरल्याखाली नेऊन उभं करायचा.

एकोणसाठच्या चैत्रात धोंडूला तापानं धरलं. छातीत पाणी झालं म्हणाले. तिसऱ्या दिवशी तो अंथरुणात उठून बसला आणि म्हणाला, झाड कोरडं पडलं असेल. मालननं त्याला परत झोपवलं आणि स्वतः गेली. संध्याकाळी आली ती हात सोललेले, पदर भिजलेला.

"कोण भेटला?" धोंडूनं विचारलं.

"म्हातारी. माका बघून ओटीवरसून खाली इली. विचारल्यान, तो का नाय इलो म्हणून." मालननं तळहात पाण्यात बुडवले. "मी सांगलंय, ताप इलोहा. तर म्हणाली, त्याका सांग, मी काय वाट बघत नाय. पण तुझ्या हातान अर्धा पाणी बुंध्यार पडता, बुंध्याक नको असता, भायर मुळांच्या शेंड्यांक व्हया असता. ता त्याका येता, तुका येयत नाय."

"आणि?"

"आणि काय नाय. माझ्या हातातली बादली काढून घेतल्यान आणि दाखवल्यान, कशी ओतायची ती."

धोंडू कोपरावर टेकून उठला. "म्हणजे ती रोज दाराआड उभी होती," तो म्हणाला. "बघीत होती, मी पाणी घालतंय ता."

मालननं त्याला पेज दिली आणि उद्याही आपणच जाऊ म्हणून सांगितलं. पाचव्या दिवशी धोंडू उठला. डॉक्टरनं आणखी आठवडाभर अंथरूण सांगितलं होतं, गिरणीतही त्यानं रजाच टाकली. पण दुपार कलल्यावर भिंतीला धरत जिना उतरला आणि पुलाच्या दिशेनं चालू लागला. त्या दिवशी त्याच्यानं चाळीस बादल्या झाल्या नाहीत, अकराच झाल्या. ओटीवर कमलाबाई बसून होत्या. त्या उठून आत गेल्या नाहीत.